छत्तीस तारांचं चाक

दस्तगीर मिस्त्रीनं विचारलं, "वजन?"
गिरणीत विचारतात तसं, दळण किती.
मी आजूबाजूला पाहिलं. लक्ष्मीपुरीतली सकाळ,
पोती उतरवणारे हमाल,
पंक्चरसाठी थांबलेला कॉलेजचा पोरगा.
"सत्त्याण्णव," म्हटलं,
आणि तो आकडा पहिल्यांदाच
कुणाच्या कपाळावर आठी न उठवता
खडूनं फळीवर लिहिला गेला.
"मग मागं छत्तीस तारा. सीट स्प्रिंगची. हवा कडक.
लाजताय काय बाई,
चाकाला आकडा सांगायचा असतोय,
कारण न्हाई."

तसा या गावात वजनाला मान आहे.
तालमीतून आलेला शंभर किलोचा गडी
गंगावेशीत म्हशीजवळ उभा राहून
धारोष्ण दुधाचा पेला एका दमात रिता करतो,
आणि बघणारे म्हणतात, काय शरीर कमावलंय!
मीही कमावलंच होतं की.
दोन बाळंतपणं, पतसंस्थेच्या खुर्चीत एकवीस वर्षं,
आईच्या आजारपणात तिची उरलेली पेज,
रात्री अकराला ओट्याशी उभ्यानं खाल्लेला भात.
फक्त त्याची कुस्ती कुणी लावली नाही.

सायकल माणूस विसरत नाही म्हणतात.
खोटं.
मान विसरते मागं वळायला.
गुडघा वर येतो तर वाटेत पोट बसलेलं.
अकरावीतली मी हात सोडून उतरायची शाळेचा रस्ता,
कॅरियरला डबा, तोंडात चिंच,
आता एक टाच जमिनीवरून सुटायला तयार नाही.
पहाटे पाचला, रंकाळ्याच्या मागच्या अंगाला,
तिसऱ्या खांबापाशी पडले.
फिरायला आलेले दोघे म्हातारे धावत आले.
"लागलं का?"
"नाही."
"आणि सायकलीला?" दुसऱ्यानं विचारलं, अगदी काळजीनं.
राग यायला हवा होता.
मी तिथंच, रस्त्यात बसून, हसत सुटले.

मग नऊ दिवस सायकल जिन्याखाली.
परत का काढली, काही थोर कारण नाही.
गुरुवारी नळाला पाणी आलं नाही,
पहाटे उठून करायला काम उरलं नाही,
म्हणून.

कळंब्याच्या रस्त्याला चढ लागतो.
गाडीतून जाताना तो कधी दिसला नव्हता.
अर्ध्यावर उतरले, ढकलत निघाले,
छातीत कुणी ढोल बडवत असल्यासारखं.
बारीक सायकलींवरची तीन पोरं
सळसळत निघून गेली.
मागून उसाची ट्रॉली आली,
पहिल्या गिअरात घरघरत,
पाठीला लाल फडकं, चोहोबाजूंनी ऊस सांडलेला.
तिला कुणी काही म्हणत नव्हतं.
सगळे वाट देत होते.

येताना उतार.
मी पायडल मारलंच नाही.
पृथ्वीनं ओढून घेतलं मला,
जेवढी होते तेवढीला.
ओढणी पोटाशी गाठ मारलेली, कानात वारा,
एका पोराला मागं टाकलं, मग दुसऱ्याला,
तिसरा ओरडला, "नाद खुळा, काकी!"
ब्रेक दाबून दाबून तळहात पेटले.
घरी चहा गाळताना मांड्या लटपटत होत्या
आणि सलवारीवर वंगणाचा काळा अर्धचंद्र.

मागच्या शनिवारी हवा भरायला गेले.
दस्तगीर वाकून एकेक तार
बोटानं वाजवून बघत होता.
एकही तुटली नव्हती.
मान खाली घालूनच विचारलं, "किती झालं?"
"पंच्याण्णव."
बोट थांबलं.
"वजन न्हवं ओ बाई. अंतर."

सांगता येईना. मोजलंच नव्हतं.
फळीकडं पाहिलं, तर माझा जुना आकडा
अजून तिथंच होता,
त्याच्यावर कुणीतरी
दुधाचा हिशेब लिहीत आणलेला, अर्धवट.